शेवटचा स्क्रू

ठोक्याच्या हातून दुरुस्त झालेला कॉम्प्युटर घरी नेला की माणूस आधी त्याची मागची बाजू बघतो. डब्याचं झाकण धरून ठेवणारे जे स्क्रू असतात, त्यातला एक हमखास गायब, आणि जो असतो तो नुसत्या बोटांनी फिरेल इतका सैल. विसरला असेल म्हणून गिऱ्हाईक परत आलं, तर ठोक्या खणातून स्क्रू काढून त्याच्या तळहातावर ठेवतो. "घ्या. घरी जाऊन आपल्या हाताने लावा. मी लावून देणार नाही." कुणी हुज्जत घातली की त्याच्या नाकाचा शेंडा लाल होतो, आणि मग शेजारचे दुकानदार गिऱ्हाइकाला डोळ्यांनी खुणावतात, बाबा, निघ आता. बाजारात म्हणतात, डब्याचा नाही, ठोक्याचाच एक स्क्रू ढिला आहे. म्हणू देत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की बाजाराला कुणाची तरी मापं काढायला हवीच असतात.

नावही बाजारानेच दिलेलं. जुनं मशीन सुरू होता होता अडकलं, पडद्यावर भलतीच अक्षरं आली, की तो डब्यावर कान ठेवायचा आणि नेमक्या जागी तळहाताचा एक दणका द्यायचा. मशीन निमूट चालू व्हायचं. गंमत म्हणून ठीक होतं, पण तो हात मशीनवर थांबणारा नव्हता. समोरच्या गाळ्यात प्रिंटरची शाई विकणाऱ्या शाईवाल्याने एकदा त्याच्या दुकानाचा जिना अडवला, तर ठोक्याने त्याचे पुढचे दात त्याच्याच ओंजळीत दिले. एका गिऱ्हाइकाने "चोर" म्हटलं तेव्हा कीबोर्ड त्याच्या डोक्यावर असा फुटला की बटणं जिन्याच्या तळापर्यंत घरंगळत गेली. ठोक्याच्या उजव्या हाताची दोन बोटं तेव्हापासून वाकडी आहेत. लोक त्याला भ्यायचे, आणि खोटं कशाला बोला, त्याला ते आवडायचं.

हा हात त्याने बापाकडून उचलला होता. बाप घरी आला की आधी कमरेचा पट्टा सुटायचा, मग बूट. धाकटी बहीण ठोक्याच्या पाठीमागे दडायची आणि तो दोन्ही हात पसरून उभा राहायचा. पट्टा त्याच्या अंगावर पडायचा, त्याचा वारा तेवढा तिला लागायचा. असं करता करता तो एके दिवशी बापापेक्षा उंच झाला. त्या दिवशी त्याने पट्टा वरच्यावर धरला आणि बापाला भिंतीवर असा आपटला की भिंतीवरचं घड्याळ खाली आलं. बापाने पुन्हा हात उगारला नाही. पण भाऊ बापाला कसा मारत होता आणि थांबत कसा नव्हता, हे धाकटीने त्याच्या पाठीमागून पाहिलं होतं. ती ते कधीच विसरली नाही.

धाकटीला तो ठमी म्हणायचा. आईबाप गेल्यावर घरात ही दोघंच. शाळा सुटली की ठमी दुकानात येऊन बसायची आणि खोडरबर घेऊन रॅमच्या पट्ट्यांचे पिवळे दात घासून चकचकीत करायची. पट्टी खाचेत कशी बसते, दोन्ही टोकांच्या खुंट्या बोटांनी बाहेर ढकलल्याशिवाय ती कशी निघत नाही, कुठली वायर काढली तर पडद्यावर काय येतं, हे सगळं तिला तोंडपाठ. मशीन नुसतं लांब सुरात ओरडत राहिलं की ही लांबूनच ओरडायची, "दादा, रॅम!" त्याला भारी कौतुक. "माझा धंदा हिसकावून घेशील एक दिवस," असं तो गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा आणि तिच्या वेणीला हिसका द्यायचा.

तिचं लग्न त्यानेच ठरवलं. मुलगा पहारेकरी पुरवणाऱ्या एका कंपनीत सुपरवायझर होता. कडक इस्त्रीचा गणवेश, आरशासारखे बूट, बोलणं मोजकं. ठोक्याला पहिल्या भेटीतच पटला. "शिस्तीचा माणूस आहे," तो बाजारभर सांगत सुटला. ठमीला कुणी विचारलं का? विचारलं. ती म्हणाली, "दादा, तुला बरा वाटतो ना?" आणि ठोक्याने तोच होकार समजला.

सुपरवायझरच्या घरी बाहेरच्या खोलीत खिडकीखाली टेबलावर कॉम्प्युटर होता. कुठल्या दारावर कुणी उभं राहायचं ते तो रोज सकाळी त्यावरून पहारेकऱ्यांना कळवायचा. मशीन बंद म्हणजे त्याचं काम बंद. आणि लग्नाला वर्ष होतं न होतं तोच ते मशीन बिघडू लागलं.

"मेहुणे, तुमच्या विद्येचं काम आहे," त्याचा फोन यायचा. "काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं. म्हणतंय, डिस्कच सापडत नाही."

ठोक्या जायचा. डबा उघडावा तर डिस्कची वायर निघालेली. बसवली, झालं. पुढच्या खेपेला पडदा काळाठिक्कर आणि डबा लांब सुरात ओरडतोय. रॅमची पट्टी खाचेतून वर आलेली. त्यानंतर एकदा पंखा फिरत नसल्याचा इशारा, कारण पंख्याची वायर सुटलेली. मग एकदा मशीनला आजची तारीखच आठवेना. कुठलं तरी जुनंपुराणं साल दाखवून ते पहिल्या पडद्यावरच हटून बसलेलं, आणि आतली बटणाएवढी बॅटरी जागेवरून निसटून तळाशी पडलेली. ठोक्याने डोक्याला हात लावला. असल्या तऱ्हा त्याने बाजारातल्या खटारा मशीनमध्येही पाहिल्या नव्हत्या.

"अगं, तुमच्या घरात हत्ती नाचतात का?" तो ठमीला विचारायचा.

ती हसायची. तो काम करायचा तेव्हा ती त्याच्या अगदी जवळ स्टुलावर बसून राहायची. "दादा, ते पण बघ ना. तो आवाज कसला येतोय?" असं करत त्याचं काम लांबवायची. मरणाच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुडता, गळ्याशी ओढणी. बोटांच्या पेरांवर बारीक, सरळ चिरा. त्याने एकदा विचारलं तर म्हणाली, "भाजी चिरताना कापलं." सुपरवायझर दाराजवळच्या खुर्चीत बसलेला असायचा. मांडीवर ड्युटीचा दंडुका, हातात फडकं, आणि दंडुक्याला तेल लावणं चाललेलं. बोलायचा अगदी अदबीने. ठोक्या निघाला की खाली फाटकापर्यंत सोडायला यायचा आणि ठमी खिडकीत उभी राहायची.

मध्येच एका खेपेला, अजून डबा उघडलाही नव्हता, मशीन सुरू करताच पडद्यावर वेगळीच सूचना आली. मागच्या वेळेनंतर डब्याचं झाकण काढण्यात आलं आहे, पुढे जायचं असेल तर बटण दाबा. "मागच्या खेपेला मीच काढलं होतं की, शहाण्या!" ठोक्या मशीनला म्हणाला आणि बटण दाबून मोकळा झाला. ठमीने त्याच्याकडे पाहिलं होतं. कसं पाहिलं होतं, ते त्याला फार उशिरा आठवलं.

इकडे बाजाराने त्याची टर उडवायला सुरुवात केली. दात गेलेला शाईवाला तर टपूनच बसला होता. "सगळ्या गावाचे डबे सुधारतो, बहिणीचा एक डबा सुधरत नाही याच्याने!" ठोक्याचं डोकं सटकलं. आता एकदाच काय तो निकाल लावतो म्हणून तो लोखंडी चौकट, ड्रिल, पट्ट्या, गरम गोंदाची बंदूक असं सगळं पोतंभर सामान घेऊन सुपरवायझरच्या घरी थडकला.

त्या दिवशी त्याने जे काम केलं, तसं आयुष्यात केलं नव्हतं. रॅमच्या खुंट्यांवर गरम गोंद ओतला. प्रत्येक वायर पट्टीने आवळली. बॅटरी जागेवर जखडली. डबा टेबलावरून उचलून भिंतीवर लोखंडी चौकटीत बसवला आणि खिळे असे ठोकले की भिंत पडावी पण डबा पडू नये. झाकणाचे सगळे स्क्रू पिळून घट्ट केले, आणि वरून मागच्या कडीत पितळी कुलूप घातलं.

ठमी भिंतीला टेकून बघत होती. "दादा, इतकं कशाला? बिघडला तर तू येतोसच की."

"आता बिघडेल कशाला? बिघडला तर नाव बदलीन माझं."

"मग तू येणार कधी?"

ठोक्या मोठ्याने हसला. "ऐका, जावईबापू! हिला माहेरपण हवंय म्हणून मशीन बिघडायला हवं!"

सुपरवायझरही हसला. त्याने कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात टाकली आणि मेहुण्याची पाठ थोपटली. ठमी खाली सांडलेला चुन्याचा भुगा गोळा करत बसली. मान वर केली नाही. ठोक्याला वाटलं, रुसली.

त्यानंतर फोन येणंच बंद झालं. एक महिना गेला, दुसरा गेला. ठोक्या बाजारात कॉलर वर करून हिंडत होता. "आला का फोन? नाही ना? याला म्हणतात काम!" एक-दोनदा त्याने स्वतःहून फोन केला, तर सुपरवायझरने उचलला. ती आंघोळीला गेली आहे. ती झोपली आहे. फोन ठमीकडे नव्हताच कधी. ठोक्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. संसारात रमली, बरं झालं, एवढंच त्याच्या मनात आलं. राग यायचा तेव्हा त्याचं डोकं विजेसारखं चालायचं, बाकीच्या वेळी हे असं.

मग एका दुपारी वाचनालयातल्या बाई जुना डबा घेऊन जिना चढून आल्या. घामाघूम झालेल्या, घाबरलेल्या. "बघा हो जरा. चालू केला की म्हणतो, झाकण कुणीतरी काढलंय. आमच्याकडे कुणी हात लावत नाही त्याला."

ठोक्याने चालू केला. तीच सूचना. "यात घाबरण्यासारखं काही नाही, बाई. आत एक बारीक खटका असतो, झाकण निघालं की तो नोंद ठेवतो. बटण दाबलं की ती नोंद पुसली जाते. एकदा पुसली की ही सूचना परत येत नाही, जोवर कुणी..."



"जोवर कुणी काय?" बाईंनी विचारलं.

ठोक्या स्वतःच्या बोटांकडे बघत होता. पेरांवर बारीक, सरळ चिरा. डब्याच्या पत्र्याला धार असते, घाईत झाकण ओढलं की ती बोटाला अशीच लागते. भाजीच्या सुरीने असं कापत नाही. बहिणीच्या मशीनवर ती सूचना आली, त्याच्या आधीच्याच खेपेला तो दुरुस्ती करून, झाकण लावून, स्वतः मशीन चालू करून निघाला होता. सवयीने, न वाचताच बटण दाबलं होतं, आणि आधीची नोंद तिथेच पुसली गेली होती. म्हणजे त्याच्यानंतर कुणीतरी झाकण काढलं होतं. रॅमच्या पट्टीच्या दोन्ही खुंट्या दर वेळी व्यवस्थित बाहेर ढकललेल्या असायच्या. धक्क्याने पट्टी हलेल, पण दोन्ही खुंट्या एकदम उघडणार नाहीत. त्या बोटांनीच उघडाव्या लागतात, आणि त्या घरात हे एकाच माणसाला येत होतं.

पूर्ण बाह्या आठवल्या. गळ्याशी ओढणी. तेल लावलेला दंडुका. मार खाल्ला की ठमी मशीन बंद पाडत होती, कारण मशीन बंद पडलं तरच नवरा दादाला बोलावत होता. दादा येऊन तासभर घरात बसला, त्याचे ते वाकड्या बोटांचे हात नवऱ्याने पाहिले, की पुढचे काही दिवस नवरा हात आवरत असणार. तोंडाने ती सांगू शकली असती. सांगितलं नाही, कारण सांगितल्यावर दादा काय करेल हे तिने बापाच्या वेळी पाहिलं होतं. तिला भावाच्या हातून खून नको होता. तिला फक्त भाऊ घरात बसायला हवा होता.

आणि त्याने तो डबा भिंतीला ठोकून, कुलूप घालून, किल्ली त्याच माणसाच्या हातात दिली होती.

बाई "अहो, माझं मशीन!" म्हणत राहिल्या. ठोक्या जिना उतरला नाही, कोसळलाच. दुकान उघडं टाकून तो पळत सुटला. एका हातगाडीला धडकला, गाडीवाल्याची शिवी पाठीवर घेतली, आयुष्यात पहिल्यांदाच एक शिवी उत्तराशिवाय सोडली.

दार सुपरवायझरने उघडलं. अंगात बनियन, गणवेशाची पँट. "अरे मेहुणे! न कळवता?"

"ठमी कुठे आहे?"

"झोपली आहे. डोकं दुखतंय म्हणाली. बसा ना. तुमचं काम तर बघा, एक नंबर!" त्याने कौतुकाने बटण दाबलं. सगळं ठीक असल्याची एकच बारीक शिटी वाजली, पडदा उजळला, मशीन बिनतक्रार सुरू झालं.

ठोक्या डब्याजवळ गेला. कुलपाभोवतीचा रंग खरवडून निघाला होता. झाकणाची कड एका जागी वाकलेली. तिथल्या फटीत सुरीचं तुटलेलं टोक अडकलं होतं.

"हे कुणी केलं?"

"तुमच्या बहिणीने. परवा रंगेहाथ पकडली. सुरी घालून उचकटत होती. विचारलं, आत काय दडवून ठेवलंयस? तोंड उघडेना. मग मी गोडीने विचारणं बंद केलं, माझ्या पद्धतीने विचारलं." तो जरा हसला. "शिस्त लावावी लागते, मेहुणे. तुम्हाला मी काय सांगणार? तुम्ही स्वतः हाताचे कडक. सगळा बाजार सांगतो."

आतल्या खोलीतून काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. आतल्या दाराला बाहेरून कडी होती.

ठोक्या कडीकडे वळला आणि दंडुका त्याच्या मानेवर बसला. तो गुडघ्यांवर आला. दुसरा घाव खांद्यावर, तिसरा कानावर. माणसाला कुठे मारावं याचं सुपरवायझरला रीतसर शिक्षण होतं. ठोक्याला ऐकू येईनासं झालं, डोळ्यांत रक्त उतरलं. चौथ्या घावाला त्याने दंडुका वरच्यावर धरला, जसा बापाचा पट्टा धरला होता. मग तळहाताची टाच, खालून वर, हनुवटीवर. कडकन आवाज झाला. सुपरवायझर मागे भिंतीवर गेला आणि त्याचं डोकं त्याच लोखंडी चौकटीवर आपटलं. चौकट हलली नाही. ठोक्याने त्याला केसांना धरून पुन्हा आपटलं. पुन्हा. भिंतीवर रक्ताचा फराटा उठला, तोंडातून दात निखळले, दंडुका कधीच हातून सुटला होता आणि तो माणूस आता हात जोडत होता, तरी ठोक्या थांबत नव्हता. खरं सांगायचं तर त्याला थांबायचंच नव्हतं. दारावर आतून कुणीतरी हळूहळू लाथ मारत होतं म्हणून सुपरवायझर वाचला.

पुढे पोलीस आले, दोघांनाही घेऊन गेले. सुपरवायझरचा जबडा तारांनी बांधावा लागला, मग तो तुरुंगात गेला. ठोक्याही आत जाऊन आला. शाईवाल्याने तेवढे दिवस त्याचं दुकान उघडून झाडून ठेवलं, याचं बाजाराला आजही नवल वाटतं. हल्ली ठमी त्याच्या शेजारी बसते. खोडरबर डाव्या हातात धरते, कारण उजव्या हाताची मूठ अजून नीट वळत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दुपारी ठोक्याने कडी काढली तेव्हा ती दाराशी जमिनीवर पडली होती. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. उजवा हात टॉवेलात गुंडाळलेला, आणि टॉवेलाच्या आत बोटं कुठल्या कुठे वळली होती. सुरी ज्या हातात सापडली तोच हात नवऱ्याने उंबऱ्यावर ठेवून ठेचला होता. ठोक्या तिच्याजवळ बसला. इतका दांडगा माणूस, लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. बाहेरच्या खोलीत मशीन मजेत घुरघुरत होतं.

ठमीने डावा हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला. तिने बाहेर भिंतीवरच्या डब्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तक्रार नव्हती, उलट जरा ओशाळल्यासारखी म्हणाली,

"मी खूप खटपट केली रे दादा. पण तू फार पक्कं काम केलं होतंस."